थारच्या टायरमध्ये ऑफरोडला हवा किती ठेवावी?

'सगळीकडे चालेल असा एकच आकडा सांगा' असं विचारलंय, पण तसा आकडा नसतो. सुरुवात मात्र ठरलेली: ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा, तीही सकाळी टायर थंड असताना मोजलेली. डांबरी रस्त्यावर तेवढीच.

स्टिकरवरचा आकडा कंपनीच्या टायरसाठी असतो. मोठे टायर टाकले असतील तर खडूची युक्ती करा. टायरवर आडवी जाड रेघ मारा, सपाट रस्त्यावर सरळ शंभरेक फूट गाडी न्या आणि उतरून बघा. रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. एकसारखी पुसली की तो तुमचा रस्त्यावरचा आकडा.

सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर मी २२-२५ पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचं एकक) येतो, पावसाळी चिखलातही साधारण तेवढंच. वाळूत १५-१८. हवा काढली की टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. १५च्या खाली साध्या, म्हणजे टायर आवळून धरणारी कडी नसलेल्या रिमवर जाऊ नका. वळताना टायर रिमवरून निसटतो. कमी हवेवर वेगही ३०च्या आत, झटक्यात स्टिअरिंग फिरवायचं नाही.

आणि परत डांबरीवर येताना हवा भरायला गाडीच्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा पंप सोबत हवाच. एकदा 'पुढच्या गावात भरू' म्हणून तसाच निघालो, गावात पंक्चरवाल्याचं दुकान बंद. पुढचे अठरा किलोमीटर बैलगाडीच्या वेगाने!