आजीची ‘तोबा’ आणि पेरणीचा ‘बिस्मिल्ला’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलंय : “माझी आजी माळकरी, एकादशी कधी चुकवली नाही. पण बाजारातून आली की ‘तोबा तोबा, काय गर्दी वं माय!’ म्हणते. मृगाचा पाऊस पडला की बाबा शेजाऱ्याला विचारतात, ‘पेरनीचा बिस्मिल्ला झाला काय?’ आता आमची कॉलेजातली पोरं ‘इन्शाल्ला, माशाल्ला’ म्हणायला लागली. मुसलमान नसलेल्याने असं बोलणं चूक आहे का? आणि हे शब्द मराठी धरायचे की नाही? लिहायचे कसे?”

आजीचा आणि बाबांचा शब्द मराठी. पोरांचा अजून नाही. चुकीचं मात्र यातलं कुणीच बोलत नाही.

तोबा मूळ अरबी ‘तौबा’. अर्थ परत फिरणं, म्हणजे पाप सोडून अल्लाकडे वळणं. कान धरून ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणायचं ते हे. आपण त्याचं काय केलं? ‘तोबा गर्दी’! पश्चात्तापाचा शब्द मराठीने एस.टी.च्या दारात लोंबकळणाऱ्या माणसांना लावला. हिंदीत ‘तौबा’ भरपूर, पण गर्दीचं विशेषण म्हणून ती जशी मराठीत रुळली तशी तिथे नाही. आजीला त्यात अल्ला दिसत नाही आणि विठोबालाही त्यात काही खटकत नसावं. (घोड्याच्या तोंडाला बांधायचा तो तोबरा वेगळा. त्याचा तोबाशी संबंध नाही.)

बिस्मिल्लाची गोष्ट जास्त गमतीची. ‘बि-इस्मि-ल्लाह’, म्हणजे अल्लाच्या नावाने. कुराणाच्या 114 सूरांपैकी (म्हणजे अध्यायांपैकी) नववी सोडली तर प्रत्येकीच्या सुरुवातीला हे वाक्य येतं. अनेक मुसलमान घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला पहिली अक्षरं वाचायला बसवतात, त्या समारंभालाही बिस्मिल्लाच म्हणतात. आता आपलं पाहा. पोथीच्या आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ लिहीत, त्यातला ‘य नमः’ गळून ‘श्रीगणेशा करणे’ उरलं. पाटीवर ‘ॐ नमः सिद्धम्’ गिरवून घेत, त्याचा ‘ओनामा’ झाला. तिन्ही मुळात प्रार्थना, तिन्ही घासून घासून ‘सुरुवात’ या एकाच अर्थाला आल्या. उर्दूत बिस्मिल्ला स्त्रीलिंगी आहे, ‘बिस्मिल्लाह हुई’. आपल्या बाबांचा मात्र ‘बिस्मिल्ला झाला’. हे पुल्लिंग त्याने शेजारच्या श्रीगणेशाकडून उचललं असावं, असा माझा कयास.

हा शब्द गावात आला कसा, त्यासाठी दरबारी फारसीपर्यंत जायची गरज नाही. अचलपूरची इमादशाही, पुढे निजाम, हे सगळं खरं, पण माळकऱ्याच्या ओसरीवर शब्द पोचवायला दरबार पुरत नाही. गावगाड्यात मुलाणी होता. कुणब्याच्या घरचं नवसाचं बकरं कापताना सुरी फिरवण्याआधी तो मोठ्याने बिस्मिल्ला म्हणे, आणि सगळं घर अंगणात उभं राहून ते ऐके. मग जत्रा-उरूस. बुलडाण्याकडे सैलानी बाबा, वर्धा जिल्ह्यात गिरडचे फरीदबाबा, नागपुरात 1925 साली वारलेले ताजुद्दीनबाबा. इथे नारळ घेऊन जाणाऱ्यांत हिंदू कमी नसतात. ‘उरूस’चा अरबी अर्थ लग्न, कारण संताचा मृत्यू म्हणजे त्याचं देवाशी मिलन. आपल्याकडे उरूस म्हटलं की आधी रेवड्या आणि पाळणे आठवतात.

‘बरकत’ तर पार खळ्यावर जाऊन बसली. माझ्या आजोबांकडे ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत. कुणी ‘लाभ’ म्हणे, कुणी ‘बरकत’, आणि दुसरीपासून दोन, तीन सुरू. ‘इमान’ म्हणजे अरबीत अल्लावरची श्रद्धा. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हातारा म्हणतो, “लय इमानी जनावर हाये बापा.” ‘दुवा’ म्हणजे देवाकडे केलेली मागणी, आपल्याकडे म्हातारीने दिलेला आशीर्वाद. आणि गरीब, साध्याभोळ्या माणसाला म्हणतात ती ‘अल्लाची गाय’? एवढ्या दोन शब्दांत कोण कोण एकत्र नांदतंय पाहा.

माझी कसोटी साधी आहे. ज्याला मराठी प्रत्यय लागला, तो मराठी. इमानाने, बरकतीचा, बिस्मिल्लाच चुकला, हे सगळं सहज जमतं. ‘इन्शाल्लाचा’ म्हणून पाहा, जीभ अडते. ते अजून आख्खं वाक्यच आहे, ‘अल्लाची इच्छा असेल तर’. ‘माशाल्ला’ही तसंच, ‘अल्लाने इच्छिलं ते झालं’. पोराचं कौतुक करताना दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात, आपण कानामागे काजळ लावतो तसं. ही दोन्ही मराठीत अजून पाहुणी आहेत. शेजारच्या चाचांशी बोलताना म्हटलं तर ती आपुलकी. चाचांची नक्कल करून हशा मिळवायला म्हटलं तर तो चावटपणा, आणि तो ऐकणाऱ्याला बरोबर कळतो.

म्हणायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न अरबस्तानाकडे पाहिलं तर विरूनच जातो. अरबी बोलणारे ख्रिस्ती देवाला अल्लाच म्हणतात आणि इन्शाल्लाही म्हणतात. माल्टातले कॅथलिक ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाला ‘रंदान’ म्हणतात, म्हणजे रमजान. स्पॅनिशमध्ये ‘तसं होवो’साठी ‘ओहाला’ हा शब्द आहे, त्याच्याही पोटात अल्ला आहे.

लिहायचं कसं, हेही विचारलंत. मराठीत बादशाहचा बादशहा होतो, तसा शेवटचा मोकळा ‘ह’ आपल्याला पेलत नाही. म्हणून बिस्मिल्ला, इन्शाल्ला, माशाल्ला. आणि आजीची तोबा ‘तौ’ने लिहू नका, ती ‘तो’चीच.