धरण भरलंय ना, मग कोळसा कशाला जाळता?

प्रश्न: नमस्कार काका, आमच्या इथून कोयना धरण तासा-दीड तासावर. दर पावसाळ्यात पेपरात फोटो येतो, धरण काठोकाठ, दरवाजे उघडले वगैरे. पाण्यावरची वीज म्हणजे इंधनाचा खर्च शून्य, मग कोयनेची सगळी मशीनं चोवीस तास का नाही चालवत? तिकडे चंद्रपूरला कोळसा जाळायचा आणि इकडे मशीनं गप्प ठेवायची, हे काय लॉजिक? – एक वाचक, कराड

उत्तर: दादा, हा प्रश्न मला लग्नात पण विचारतात, पंगतीत जिलबी वाढत असताना सुद्धा. विजेच्या कंट्रोल रूममध्ये 28 वर्षं काढली त्यामुळे सुटका नाही.

आधी एक हिशेब करू. तुमच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असेल ना, ती डोळ्यासमोर आणा. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने कोकणातल्या पोफळीच्या वीजघरात येतं आणि साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडतं. तेवढ्या उंचीवरून ती आख्खी टाकी सोडली तर वीज किती मिळते? एक-सव्वा युनिट! घरचा दीड टनाचा एसी तासभरात संपवेल तेवढी. लोकांना वाटतं धरण म्हणजे विजेचा समुद्र, पण एका युनिटला जवळपास एक टाकी जाते हे लक्षात ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे.

आता कोयनेची एकूण क्षमता 1960 मेगावॅट. त्यात चौथ्या टप्प्याचीच 250 ची चार मशीनं, म्हणजे 1000. ती चार फुल लोडवर असली की सेकंदाला दोनशेहून जास्त टाक्या रिकाम्या होतात. सेकंदाला! धरणात मावतं साधारण 105 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), पण ते सगळं काही पोफळीकडे नेता येत नाही, कारण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलीय, बाकीचं पूर्वेला नदीत, तुमच्या सांगली-कराडकडच्या शेतीला. या 67.5 टीएमसीतून वर्षाला ढोबळमानाने तीनेक अब्ज युनिट निघतात आणि सगळी मशीनं वर्षभर चोवीस तास चालवायची म्हटली तर लागतील सतरा अब्जाच्या वर. म्हणजे फुल क्षमतेने रोज सरासरी चार तास, बस. धरण ही कणगी आहे हो, एक जूनला वर्ष सुरू होतं आणि पुढच्या मेपर्यंत तीच पुरवायची. दिवाळीतच तळ दिसला तर एप्रिल-मेमध्ये काय करणार?

मग ते चार तास कधी वापरायचे, खरी गंमत तिथे आहे. कोळशाचा सेट, म्हणजे बॉयलरसकट आख्खं मशीन, थंड पडला असेल तर परत पूर्ण लोडवर यायला कित्येक तास लागतात, बॉयलर तापणार, वाफ होणार, आणि चालू असला तरी लोड हळूहळूच वाढवावा लागतो, खाली पण फार आणता येत नाही, 55 टक्क्यांच्या आसपास थांबावं लागतं. पाण्याचं मशीन काही मिनिटांत बंद अवस्थेतून फुल लोडवर. म्हणून संध्याकाळी सोलर मावळतं आणि त्याच वेळी घराघरात दिवे, मिक्सर, गीझर, एसी सगळं एकदम लागतं, तेव्हा कोयना उचलायची. दुपारी बाराला कोयना चालवणं म्हणजे श्रीखंडाचा चक्का कढीत घालण्यासारखं आहे.

आणि दरवाजे उघडतात तेव्हाचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये शेतीपंप बंद, पंखे कमी, डिमांडच पडलेली असते. शिवाय दरवाज्यातून जातं ते पूर्वेकडे, पोफळी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. धरणाच्या पायथ्याला मशीनं आहेत, पण ती 40 मेगावॅटचीच. पोफळीचं पाणी पुढे कोळकेवाडीहून वाशिष्ठीत जातं, तिथे खाली चिपळूण आहे हे पण पुराच्या दिवसांत विसरून चालत नाही.

प्रश्न: वीज साठवता येत नाही म्हणतात. मग जास्त झाली तर जाते कुठे? – एक वाचक, नाशिक

उत्तर: कुठेच जात नाही, मशीनंच जोरात फिरायला लागतात. जातं आठवा. दोघी दळतायत, एकीने वरून जास्त दाणे टाकले की जातं जड होतं, मंदावतं, मग जोर लावायचा. दाणे संपले की तेच जातं भन्नाट पळतं. दाणे म्हणजे तुमची मागणी, जोर म्हणजे आमची मशीनं. देशातली सगळी जनरेटर्स एकाच तालात फिरतात, हा ताल, म्हणजे फ्रिक्वेन्सी, 50 हर्ट्झचा, आणि तो 49.90 ते 50.05 मध्ये ठेवायचा असतो. कंट्रोल रूमच्या भिंतीवर तो आकडा मोठ्ठा लावलेला असतो, आम्ही चहा पिताना सुद्धा एक डोळा तिकडेच. फार घसरला तर फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाईनी, आपोआप तोडल्या जातात. कधी फ्रिक्वेन्सी नाही तर एखादी लाईनच जास्त लोडने ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, तिचा भार शेजारणीवर, मग ती पण, असं करत सगळं कोसळतं. 2012 च्या जुलैत 30 आणि 31 तारखेला लागोपाठ झालं ते तसं, दुसऱ्या दिवशी तर 60 कोटींच्या वर लोकांचे लाईट गेले.

याच्या उलटा किस्सा 5 एप्रिल 2020 चा, रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद करायचे होते तो. मी तेव्हा रिटायर झालेलो, तरी हात घामेजले. 12 ते 14 हजार मेगावॅट डिमांड पडेल असा अंदाज होता आणि पडली 31 हजार! अंदाजाच्या दुपटीपेक्षा जास्त. वाचवलं कोणी? पाण्याने. पावणेनऊला देशभरची जलविद्युत मुद्दाम साडेपंचवीस हजारावर नेऊन ठेवलेली, ती नऊ दहापर्यंत 8 हजारावर आणली आणि लोकांनी दिवे लावायला सुरुवात केल्यावर साडेनऊच्या आत परत 19 हजार. कोळशाच्या सेटला असा धिंगाणा सांगून बघा. फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 च्या मध्ये राहिली. आमच्या घरी बायको खिडकीत पणती घेऊन उभी आणि मी मोबाईलवर जुन्या सहकाऱ्याला मेसेज करतोय, आकडा किती, आकडा किती.

प्रश्न: घाटघरला पाणी खाली सोडून वीज करतात आणि तेच पाणी वीज वापरून परत वर चढवतात असं ऐकलं. हा शुद्ध वेडेपणा नाही का? – एक वाचक, शहापूर

उत्तर: तुमच्याच तालुक्यात खालचं धरण आहे की! वरचं अकोले तालुक्यात. 125 ची दोन मशीनं, एकूण 250 मेगावॅट. तोटा होतो हे बरोबर, वर चढवायला 100 युनिट लागले तर परत येतात 75-80. पण भाव बघा ना. आधी हे पंपिंग रात्री व्हायचं, कोळशाचे सेट बंद करता येत नाहीत आणि लोक झोपलेले, तेव्हाची वीज स्वस्त. आता दुपारी सोलर इतकं असतं की कधी कधी बॅकडाऊन करावं लागतं, म्हणजे मुद्दाम कमी करावं लागतं, देशात सोलर 2025 च्या जानेवारीत 1 लाख मेगावॅटच्या पुढे गेलं. तर दुपारची दोन रुपयांची वीज घालून संध्याकाळची आठ-दहा रुपयांची काढली (भाव नुसते समजायला धरलेत) तर वीस-पंचवीस टक्के तोटा कोण मोजतो? पावसात कांदे स्वस्त असले की घेऊन ठेवतो का आपण? नाही, सडतात. पाणी सडत नाही.

प्रश्न: कोयना की खोपोली, जुनं वीजघर कोणतं? पैज लागलीय. – दोन भाऊ, डोंबिवली

उत्तर: खोपोली. 1915, मुंबईच्या गिरण्यांसाठी. कोयनेचं पहिलं मशीन 1962 ला फिरलं. हरला त्याने वडापाव द्यावा, खोपोलीच्या घाटात जाऊन.