बाळ येणार आहे, मांजरांचं काय करायचं?

गरोदरपणात घरात मांजर ठेवावं की नाही, हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वरचेवर येतो. तो येईपर्यंत घरात बरीच बोलाचाली झालेली असते. त्यातलं एक कुटुंब इथे सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. दत्तक घेतलेली दोन मांजरं: एक डोळा गेलेला बोका, आणि पाहुणे आले की कपाटामागे दडून बसणारी भित्री मनी. शिवाय मागच्या दाराशी रोज संध्याकाळी तीन-चार भटकी मांजरं जेवायला ठरलेली. सुनेला चौथा महिना होता. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, बाळ येण्याआधी मांजरं घराबाहेर गेली पाहिजेत. सून म्हणत होती, ती गेली तर मीही माहेरी जाते. मुलगा दोघींच्या मध्ये गप्प बसून होता.

अशा वेळी मी मांजर ठेवायचं की काढायचं, हा निकाल पहिल्या भेटीत देत नाही. आधी प्रत्येकाला वेगळं बसवून एकच विचारते, ‘नेमकं काय होईल असं वाटतंय?’ सासूबाई बराच वेळ केस, घाण, वास यांबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, ‘मागच्या वर्षी एक राहिलं नाही.’ तिसऱ्या महिन्यातच गर्भपात झाला होता आणि त्यानंतर घरात कुणी तो विषयच काढला नव्हता. तो बोका त्याच सुमारास घरी आला होता. सासूबाईंनी मनातल्या मनात दोन्हींचा संबंध जोडला आणि वर्षभर कुणाला सांगितला नाही, सुनेला दुखवायला नको म्हणून. सुनेला मात्र त्यांचा मांजरांवरचा राग तेवढा दिसत होता. सासूबाईंनाही ते बाळ आठवतं, हे तिला माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी मांजरांबद्दल फारसं बोलणं झालंच नाही, आणि ते योग्यच होतं.

वैद्यकीय उत्तर देणं माझं काम नाही. मी त्यांना सगळ्या शंका कागदावर लिहायला लावल्या आणि सासूबाईंनाही बरोबर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, असं सांगितलं. ऐकीव माहिती सुनेच्या तोंडून खोडली गेली की ती भांडणासारखी वाटते. डॉक्टरांनी सांगितलं की पटायला सोपं जातं. पहिल्या तीन महिन्यांतले बरेच गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, हे सासूबाईंनी तिथे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मांजरांशी जोडलेला खरा धोका टोक्सोप्लाझ्मोसिसचा, म्हणजे एका सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या संसर्गाचा. तो नाकारू नये, फुगवूही नये. या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, तीही बहुधा मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडेच. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. ती अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची मातीची पेटी रोजच्या रोज साफ करायची, आणि ते काम गरोदर बाईने करायचं नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी, बागेतली माती यांतूनही हा संसर्ग होतो, त्यामुळे मांजर काढून टाकलं तरी ही काळजी घ्यावीच लागते. घरातच राहणारं, उंदीर-पक्षी न मारणारं, कच्चं मांस न खाणारं मांजर नुसतं मांडीवर बसल्याने धोका फारच कमी. गर्भाला भीती असते ती प्रामुख्याने आईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. कुठली तपासणी करायची ते डॉक्टर ठरवतात.

भटक्या मांजरांची गोष्ट मात्र निराळी, आणि इथे मी सुनेच्या बाजूने उभी राहिले नाही. ती कुठे फिरतात, काय खातात, कुणालाच ठाऊक नसतं. गरोदरपणात त्यांना, विशेषतः पिल्लांना, हात लावायचा नाही. सून रडली. मागच्या दाराशी येणाऱ्या एका मांजरीला तिने आजारातून वाचवलं होतं. पण खाऊ घालणं थांबवा असं कुणीच म्हणत नव्हतं, हात बदलायचे होते. नवऱ्याने संध्याकाळचं जेवण आणि पेटी दोन्ही अंगावर घेतलं. इतके दिवस तो गप्प होता, कारण त्याला करण्यासारखं काही कुणी दिलंच नव्हतं. त्यानेच पशुवैद्यांशी बोलून भटक्यांची नसबंदी आणि रेबीजची लस मार्गी लावली. कुणाला चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा, हेही घरात सगळ्यांना पाठ झालं.

मुलीकडे शेवटी वळलो, आणि याची मला आजही हळहळ वाटते, कारण सगळं ऐकत तीच होती. तिने आजीला विचारलं होतं, ‘मनीला आपणच आणलं ना? मग बाळ आल्यावर ती नको कशी होते?’ तेव्हापासून ती रात्री आईजवळून हलत नव्हती. नको झालेल्यांच्या यादीत पुढे आपण असू, ही भीती मुलं अशी सरळ सांगत नाहीत. तिला स्पष्ट सांगणं गरजेचं होतं: मांजरं इथेच राहणार, तूही इथलीच. मांजरांचं पाणी भरण्याचं काम तिच्याकडे दिलं.

बाळाच्या खोलीचं दार बंद असण्याची सवय मांजरांना दोन महिने आधीपासून लावली. बाळ आणि मांजर एकटे सोडायचे नाहीत, हे तर ठरलेलंच होतं. सासूबाई अजून बोक्याला मांडीवर घेत नाहीत, आणि त्यांनी घ्यावं असा आग्रह कुणी धरत नाही.

काही घरांत मांजर खरोखरच दुसरीकडे द्यावं लागतं, कुणाला तीव्र दमा किंवा अ‍ॅलर्जी असते. तेव्हा ओळखीचं, तपासून पाहिलेलं घर शोधा. घरात वाढलेलं मांजर बाहेर सोडून दिलं तर त्याला अनोळखी जागेत तगून राहणं फार कठीण जातं. आणि घरातल्या मुलांना ‘ते पळून गेलं’ असं सांगू नका. कुठे दिलं, का दिलं, ते खरं सांगा, आणि निरोप घ्यायला त्यांना सोबत न्या.