ध्रुवीय आकाशातले विद्युतभारित कण कसे मोजतात? पुण्यात राहून यावर काम करता येईल का?

येईल. तुम्ही एम.एस्सी. भौतिकशास्त्राला आहात, ध्रुवाकडे जाण्याची शक्यता दिसत नाही, आणि ८०-९० किमी उंचीवरचे हे कण मोजतात तरी कसे, असं विचारलंय. मी पुण्यातच बसून अशा रॉकेट-उड्डाणांच्या नोंदी वाचते, त्यामुळे मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

उन्हाळ्यात ध्रुवाजवळ या उंचीवर पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत कडक थंडी असते, उणे १४० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही कमी. सूर्य मावळतही नाही अशा दिवसांत! खालच्या वातावरणातून वर आलेल्या हवेच्या लहरी तिथे फुटतात, त्यांच्या रेट्याने हवा वर चढते, प्रसरण पावते आणि थंड होते. अशा थंडीत तिथली जेमतेम वाफ उल्कांच्या धुराच्या अतिसूक्ष्म कणांवर गोठते, आणि हे बर्फकण आसपासचे इलेक्ट्रॉन पकडून बसतात. वाढले की ते नॉक्टिल्युसंट, म्हणजे रात्री चमकणारे, ढग म्हणून दिसतात. ते लहान असतानाही ५० मेगाहर्ट्झच्या रडारला मात्र त्या थरातून जोरदार प्रतिध्वनी मिळतात. आपल्या आंध्र प्रदेशातल्या गादंकीचा रडारही ५३ मेगाहर्ट्झचा आहे, पण तिथले मेसोस्फिअरचे (म्हणजे वातावरणाच्या याच उंच थराचे) प्रतिध्वनी बर्फामुळे नव्हे, खळबळत्या हवेमुळे येतात.

आता मोजणी. बलून इतका वर जात नाही, उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. उरतं साउंडिंग रॉकेट, म्हणजे उपकरणं घेऊन वर जाऊन परत खाली पडणारं छोटं रॉकेट, आणि ते त्या थरातून काही सेकंदांत निघून जातं. नॉर्वेतल्या आंडोयाहून १९९४ साली उडवलेल्या रॉकेटांनी असे भारित कण पहिल्यांदा थेट टिपले. उपकरण दिसायला साधं: रॉकेटच्या टोकाशी धातूचा कप, तोंडावर जाळ्या. जाळ्यांना असा विद्युतदाब देतात की हलके इलेक्ट्रॉन आणि आयन परतवले जावेत आणि जड बर्फकण तेवढा आत शिरावा. तळाच्या पत्र्यावर जो इवलासा प्रवाह वाहतो, ती आपली नोंद. शेजारी इलेक्ट्रॉन मोजणारा प्रोब (संवेदक) असतो, त्यावर त्याच उंचीला इलेक्ट्रॉनची संख्या एकदम खाली आलेली दिसते. कपात ऋण भार वाढतोय आणि बाहेर इलेक्ट्रॉन घटताहेत, हे एकाच उंचीवर जुळलेलं पाहिलं की मला आजही फार आनंद होतो.

पण हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. रॉकेट ध्वनीपेक्षा वेगाने जातं, पुढची हवा दाबली जाते. मोठे कण त्या दाबातून सरळ आत येतात, एखाद-दोन नॅनोमीटरचे धूरकण मात्र हवेबरोबर कपाला वळसा घालून निघून जातात. शिवाय कण जाळीला तिरपा घासून गेला तर त्याचे तुकडे जाळीतले इलेक्ट्रॉन घेऊन उडतात, म्हणजे कण ऋण असूनही जाळीवर नोंद धन येते! माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. उपकरणाने स्वतः काय बिघडवलं हे कळलं नाही, तर त्या आलेखातून वातावरणाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

आणि हे काम ध्रुवावर होत नाही, संगणकावर होतं. तिथली हवा इतकी विरळ की रेणू मिलिमीटर-सेंटिमीटरभर अंतर न आदळता जातो. त्यामुळे नेहमीची प्रवाहाची समीकरणं कपाजवळ लंगडी पडतात आणि रेणूंचं मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून, संगणकावर अनुकरण करावं लागतं. प्रकल्पासाठी मी हेच सुचवेन: एक साधा कप घ्या, कणाचा आकार बदलत न्या आणि कोणत्या आकारापासून कण आत पोचतात ते काढा. लॅपटॉपवर सुरुवात नक्की होते.

विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात आणि पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) जाऊन बोला. पाषाणला काम मुख्यतः खालच्या वातावरणाचं असलं तरी ढगांतल्या विद्युतभाराचा अभ्यास तिथे चालतो. पुढे पीएच.डी. करायची असेल तर अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) आणि पनवेलची भूचुंबकत्व संस्था बघा. धूलियुक्त प्लाझ्मासाठी, म्हणजे भारित धूलिकण मिसळलेल्या आयनित वायूसाठी, गांधीनगरची आयपीआर (प्लाझ्मा संशोधन संस्था). नॉक्टिल्युसंट ढगांची निरीक्षणं हवी असतील तर त्यांच्याच अभ्यासासाठी २००७ साली सोडलेल्या नासाच्या एआयएम उपग्रहाचा डेटा सर्वांना खुला आहे, तो आजच उतरवून घेता येईल.