साधी इंग्रजी, सोपी नव्हे

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. तिच्या निबंधाच्या समासात प्राध्यापकांनी शेरा मारला, 'प्लेन इंग्लिश, प्लीज'. याला मराठीत 'सोपी इंग्रजी' म्हणावे का? आणि तशी इंग्रजी लिहायला शिकायचे कसे?

'सोपी' म्हणू नका. कृपा करून म्हणू नका. गेली काही वर्षे जो तो 'सोप्या इंग्रजीत लिहा' असे सांगत सुटला आहे, आणि ऐकणारा बिचारा समजतो की लहान मुलांसाठी लिहायचे आहे. उडप्याच्या पाटीवर 'साधा डोसा' असतो, 'सोपा डोसा' नसतो. साधा डोसा घालणे सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने एकदा तवा हातात घेऊन बघावा. सोपे म्हणजे करणाऱ्याला कष्ट नाहीत ते. साध्यात कष्ट असतात, फक्त ते खाणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला दिसत नाहीत. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून 1948 साली सरकारी नोकरांसाठी पुस्तिका लिहिली, तिच्या नावातही 'प्लेन' आहे, 'ईझी' नाही. अमेरिकेने 2010 साली सरकारी कागदांसाठी कायदा केला, त्यातली व्याख्या स्पष्ट, आटोपशीर आणि नीट मांडलेले असे सांगते. सोपेपणाचा त्यातही पत्ता नाही.

तेव्हा साधी इंग्रजी. प्रश्नाचे उत्तर संपले. आता खरी गंमत.

'प्लेन'चे मूळ लॅटिन 'प्लानुस', म्हणजे सपाट. मैदानाला प्लेन म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ. 'एक्स्प्लेन' म्हणजे मुळात सपाट करून ठेवणे, हेही शाळेतल्या हुशार मुलांना माहीत असते. पण याच घरातला एक भाऊ सुताराच्या पेटीत बसलेला आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. इंग्रजीत रंध्यालाही 'प्लेन' म्हणतात, आणि तो शब्द त्याच लॅटिन मुळातून, सपाट करण्याच्या क्रियेतून आला आहे. म्हणजे प्राध्यापकमहाशय मुलीला सांगत होते की बाई गं, या वाक्यांवर रंधा मार. गाठी काढ, कुसळे काढ, हात फिरवला तर टोचता कामा नये. पायाशी पापुद्र्यांचा ढीग पडला नसेल तर रंधा फिरलाच नाही असे समज.

आणि आपल्याकडे बघा. 'रंधा' फारसी 'रंदा'वरून आला. 'साधा'ही फारसी 'सादा'वरूनच. दोन्ही शब्द मराठीत शिरताना 'द'चा 'ध' करून बसले. हिंदीत अजून सादा आणि रंदाच आहेत. साधूपासून साधा काढणारी मंडळी मला नेहमी भेटतात. त्यांनी मग रंध्यासाठीही एखादा ऋषी शोधावा. माझे मत असे की फारसी लिपीत या दोन्ही शब्दांच्या शेवटी एक न उच्चारला जाणारा 'ह' लिहितात, आणि आपल्या लेखनिकांनी तो वाया जाऊ न देता 'द'च्या गळ्यात बांधला. द अधिक ह, झाला ध. मला हे इतके पटले आहे की मी ते जेवणाच्या पंगतीतही सांगतो. परवा एका स्नेह्यांनी पानावरून मान वर न करता विचारले, "मग फायदा, कायदा, पडदा यांचे काय? त्यांच्याही शेवटी तो ह आहे." आहे खरा. मसुद्याच्याही शेवटी आहे. फायद्याचा फायधा झाला नाही, हे मला मान्य करावे लागले, पण साधा आणि रंधा ही जोडी मी सोडणार नाही. दोघेही एकाच सुताराकडे कामाला होते असे मानायला काय हरकत आहे?

मसुद्यावरून आठवले. अरबीत त्याचा मूळ अर्थ 'काळा केलेला' असा आहे. खाडाखोड करून काळा झालेला कागद म्हणजे मसुदा. पहिला खर्डाच पाठवून देणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

आता भांडणाकडे. साध्या इंग्रजीचे पुष्कळ गुरू सांगतात की लॅटिन आणि फ्रेंच शब्द टाळा, जुने अस्सल सॅक्सन शब्द, म्हणजे फ्रेंच येण्याआधीच्या इंग्रजीतले, वापरा. हे खूळ जुने आहे. 1557 साली सर जॉन चीक या इंग्रज पंडितांनी एका पत्रात लिहिले की आपली भाषा 'क्लीन अँड प्योर' राहावी. त्यातला 'प्योर' फ्रेंच! याच गृहस्थांनी बायबलाच्या भाषांतरात 'सेंच्युरियन'चा, म्हणजे शंभर शिपायांच्या रोमन नायकाचा, 'हंड्रेडर' केला होता. आपल्याकडच्या शुद्धिवाल्यांना ते जवळचे वाटतील. पुढे इंग्रजी लेखनाचे नियम सांगणाऱ्या फाउलर बंधूंनी 1906 साली सॅक्सन शब्द निवडावा असा नियम दिला, पण यादीत शेवटी, आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे असे स्वतःच सांगून. हे सांगणे त्यांच्या चेल्यांनी वाचलेले दिसत नाही. 1946 साली ऑर्वेल यांनीही लॅटिन शब्दांच्या भपक्यावर तोंडसुख घेतले. ऑर्वेल मोठा लेखक, पण इथे त्यांनी नेम चुकीच्या पाखरावर धरला.

पुरावा आपल्याच कचेऱ्यांत आहे. 'काइंडली डू द नीडफुल.' चारही शब्द सॅक्सन, एकही परका नाही. आणि अर्थ? शून्य. नीडफुल म्हणजे नेमके काय करायचे, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसते, म्हणून तर तो ते लिहितो. आता हे घ्या : 'प्लीज साइन द फॉर्म अँड रिटर्न इट बाय फ्रायडे.' यातले प्लीज, साइन, फॉर्म आणि रिटर्न हे चारही फ्रेंचांच्या दारातून आलेले. पण वाचणाऱ्याला पेन शोधावे लागते, आणि शुक्रवारही कळतो. शब्दाची जन्मपत्रिका बघून गद्य साधे होत नाही. 'प्लेन', 'क्लिअर', 'सिंपल', 'ईझी' हे सगळे फ्रेंचमधूनच इंग्रजीत आले, आणि आपला 'साधा' इराणातून. दोन्ही भाषांना साधेपणासाठी शब्द बाहेरून आणावा लागला, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

हां, मुलगी राहिलीच. तिला सांगा, वाक्यात मेहनत कोण करतो आहे ते शोध आणि त्याला कर्त्याच्या जागी बसव. 'ॲन इन्व्हेस्टिगेशन वॉज कंडक्टेड बाय अस' असे आपण इंग्रजीत लिहितो, पण मराठीत 'आमच्याकडून तपासणी केली गेली' असे घरी कुणी बोलत नाही. 'आम्ही तपासले' म्हणतो. 'वी इन्व्हेस्टिगेटेड' लिहावे. 'मेक अ डिसिजन'मधला डिसिजन काढून 'डिसाइड' ठेवावे, 'इन द इव्हेंट दॅट'ऐवजी 'इफ'. मग पान मोठ्याने वाचावे. जिथे श्वास अडकेल तिथे गाठ आहे, तिथे परत रंधा. आणि प्राध्यापकांनी त्या तीन शब्दांतला 'प्लीज' तरी फ्रेंच का वापरला, हे त्यांना विचारायला हरकत नाही, मात्र निकाल लागल्यावर.