डीपी (शेताला लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर) दुरुस्त झाल्यापासून बोअरची धार एकदम बसली. बोअर आटला का?

तुम्ही लिहिलंय की औशाकडच्या शेतातली ५ एचपीची थ्री फेज मोटार परवापर्यंत दोन इंची पाइप भरून पाणी देत होती. काल डीपीचं काम झालं आणि आज लाइट आल्यापासून करंगळीएवढी, पण सलग धार पडतेय. बोअर आटलेला नसावा. नव्या बोअरसाठी गाडी सांगितली असेल तर आधी ती थांबवा.

आटत आलेल्या बोअरची चाल वेगळी असते. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी फटींतून झिरपत येतं आणि मोटार बंद असताना बोअरमध्ये साठतं. त्यामुळे मोटार लावल्यावर पहिली काही मिनिटं धार जोरात असते, मग पाणी तुटायला लागतं, हवेचे गचके येतात, अँपिअरचा काटा खाली येतो. तास-दोन तासांनी परत लावली की परत तेच. तुमची धार पहिल्या मिनिटापासून बारीक आहे आणि तुटत नाही. खाली पाणी आहे, पंपाला ते नीट ढकलता येत नाही.

डीपीच्या कामानंतर पहिला संशय फेजवर, म्हणजे लाइटच्या तीन वायरींच्या क्रमावर घ्यायचा. दोन फेजची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. उलटा पंपही थोडं पाणी वर देतो, म्हणून बोअरवरच आळ येतो. त्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांचीही धार आजच बसली असेल तर शंकाच नको.

मेन स्विच बंद करा, तिन्ही फ्यूज काढा आणि स्विचमधून स्टार्टरकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन एकमेकींच्या जागी लावा. दोनच, तिन्हींची जागा पुढे सरकवली तर दिशा तीच राहते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटारीकडे जाणाऱ्या सहा वायरींना हात लावू नका. स्विच पाडला तरी डीपीकडून येणाऱ्या टोकांत करंट असतोच, त्यामुळे टेस्टर नसेल किंवा जमीन ओली असेल तर वायरमनलाच बोलवा. मग मोटार लावून दोन-तीन मिनिटं थांबा. पाइप भरून पाणी पडलं की जीव भांड्यात. तोवर उलटी मोटार तासन्‌तास चालवू नका, इंपेलर (पंपातली पाणी ढकलणारी चाकं) आणि बेअरिंगला मार बसतो.

तरीही धार बारीकच राहिली तर केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागातल्या रुंद पाइपच्या) तोंडाशी कान द्या. मोटार चालू असताना आत पाणी कोसळल्याचा आवाज येत असेल तर पाइपला भोक आहे किंवा जोड सुटलाय. पाइप ओढावा लागेल, पण बोअर शाबूत आहे. पातळी बघायला आत खडा मात्र टाकू नका. तो पंप आणि बोअरच्या भिंतीत अडकला तर मोटार वर निघत नाही.

फेज बदलल्यावर धार जोरात सुरू होऊन तुटायला लागली, तर पाणी खरंच कमी झालंय. तुटताक्षणी मोटार बंद करा, कारण ती भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. मग पाणी साठल्यावर मोटार परत लावून वाल्व्ह थोडा थोडा बंद करत जा आणि जिथे धार तुटायची थांबेल, तिथेच ठेवा.