हाँगकाँगला रविवारी सेंट्रलला जाच

पहिल्यांदाच चालली आहेस ना, मग रविवार डोंगरावर नेणाऱ्या पीक ट्रामच्या रांगेत घालवू नकोस. सकाळी दहाच्या सुमारास स्टार फेरीच्या बोटीने सेंट्रल या मध्यवर्ती भागात उतर आणि स्टॅच्यू स्क्वेअरकडे चालत जा. चेटर रोड रविवारी गाड्यांना बंद असतो. रस्त्यावर, पुलांवर, एचएसबीसी बँकेच्या इमारतीखाली पुठ्ठे अंथरून फिलिपिनो बायका बसलेल्या दिसतील. चपला पुठ्ठ्याबाहेर नीट जोडीने काढलेल्या, अगदी आपल्याकडे सतरंजीबाहेर असतात तशा. कुणी पत्ते खेळतंय, कुणी नखं रंगवतंय, कुणी गावी पाठवायचं खोकं चिकटपट्टीने आवळतंय.

पहिल्या खेपेला मला वाटलं, मोर्चाबिर्चा आहे! या घरकामगार. कायद्याने आठवड्यातून एक सुट्टी मिळते, पण राहायचंही मालकाच्याच घरी, मग सुट्टीला जाणार कुठे? शहरात परदेशी घरकामगार तीन लाखांहून जास्त, त्यांतल्या निम्म्याहून अधिक फिलिपिनो. इंडोनेशियन बायका बघायच्या तर व्हिक्टोरिया पार्कला जा.

फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नकोस. मी काढला होता. एकीने शांतपणे छत्री आडवी धरली. तेवढंच, पण अजून आठवतं. हसून 'कुमुस्ता' (कशी आहेस?) म्हण, बहुतेक जणी इंग्रजीत छान गप्पा मारतात. पगार किती, हे विचारायची आपली खोड आवर. पान्सित म्हणजे त्यांच्या परतलेल्या शेवया. कुणी पुढे केल्या तर आधी मांस आहे का विचार, बहुधा असतंच.

जवळच्या वर्ल्डवाइड हाउस या दुकानांच्या इमारतीतही डोकाव. पैसे पाठवायच्या खिडक्यांसमोरची गर्दी बघ.